एकविसाव्या दिवसाचा रिपोर्ट आणि छत्तीस दिवसांची पाळी

वाकडहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतेय.

"ताई, माझं वय ३१, लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा सोमवार ते शुक्रवार मुंबईत असतो, ऑफिस बीकेसीला, शुक्रवारी रात्री घरी येतो. आठ महिने झाले चान्स घेतोय. माझी पाळी इरेग्युलर आहे. मागच्या सात वेळचे दिवस ३२, ३४, ३१, ४३, ३३, ३५, ३६. त्यातला ४३ वाला महिना गौरींचा, तेव्हा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. मोबाईलमधलं अॅप चौदावा दिवस दाखवतं म्हणून आम्ही तोच धरतो, दोनदा तर त्याने बुधवारी अर्धी सुट्टी टाकून शिवनेरी पकडली, आणि मग ऐन वेळी टेन्शनमुळे भांडण होऊन काहीच झालं नाही. मागच्या महिन्यात मीच घरी येऊन रक्त नेतात ते पॅकेज घेतलं, एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन हार्मोनची टेस्ट केली, ०.८ आलं. गुगल केलं तर ओव्ह्युलेशन होतच नाही असा अर्थ निघाला. तेव्हापासून झोप नाही. नवऱ्याला अजून सांगितलं नाही. सासूबाई सदाशिव पेठेत असतात, त्या म्हणतात चौथ्या दिवसापासून सम दिवस धरा म्हणजे मुलगा होईल. मला आधी एवढंच कळू दे की माझं बीज बाहेर पडतं का, आणि पडत असेल तर कधी?"

अगं, आधी तो रिपोर्ट बाजूला ठेव, कारण माझ्या मते तो चुकीच्या दिवशी केलेला आहे. मी २६ वर्षं प्रसूतिगृहात आणि बायकांच्या ओपीडीत सिस्टर होते आणि हा एकविसाव्या दिवसाचा घोळ इतक्या जणींच्या डोळ्यात पाणी आणताना बघितलाय की तुझं पत्र वाचल्यावर लगेच लिहायला बसले.

काय होतं ते नीट सांगते म्हणजे तुझं तुलाच मोजता येईल. पाळी सुरू झाली की ओव्हरीत एक फॉलिकल वाढायला लागतं, म्हणजे पाण्याने भरलेली छोटीशी पिशवी, तिच्यात स्त्रीबीज असतं. ते वाढायला किती दिवस घेईल ते प्रत्येकीचं वेगळं आणि एकीचंसुद्धा दर महिन्याला वेगळं, कुणाचं ११ दिवसांत तयार होतं, कुणाचं २२ दिवसांनी. ताप आला, जागरणं झाली, लांबचा प्रवास झाला, वजन झपकन उतरलं, तर ते आणखी रेंगाळतं. मग मेंदूकडून एलएच नावाचं हार्मोन एकदम वाढतं आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं, हेच ओव्ह्युलेशन. आता पुढचा भाग नीट लक्ष देऊन वाच. बीज गेल्यावर जी रिकामी पिशवी राहते ती प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते, आणि तिचं आयुष्य जवळजवळ ठरलेलं असतं, साधारण १२ ते १४ दिवस, काही जणींत १० काही जणींत १६. दिवस राहिले नाहीत तर ती सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि पाळी येते. म्हणजे लांबतो तो पहिला भाग, दुसरा फारसा हलत नाही. त्यामुळे ओव्ह्युलेशन शोधायचं तर येणाऱ्या पाळीपासून मागे १४ दिवस मोजायचे, आलेल्या पाळीपासून पुढे १४ नाही. पाळी २८ दिवसांची असली तर दोन्ही हिशोब एकाच दिवशी येतात आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. शाळेच्या पुस्तकात २८ दिवसांचं चित्र, नर्सिंगच्या परीक्षेत आम्ही काढायचो ते पण २८ चंच, तुझ्या अॅपमध्ये कुणी सेटिंग बदललं नाही तर तिथेही २८. माझी स्वतःची पाळी ३८ दिवसांची होती आणि मी त्या चित्राला दहा पैकी दहा मार्क घेऊन सुद्धा लग्नानंतर वर्षभर चौदावाच दिवस मोजत बसले होते. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी एक बारीक टिंब करायचे आणि तिथून पुढे बोटं मोजायचे.

हे मागून मोजायचं गणित नवीन नाही हं. जपानमध्ये निईगाता शहरातल्या डॉक्टर ओगिनोंनी १९२४ साली हे मांडलं, ऑपरेशनच्या वेळी बायकांच्या ओव्हरी बघून आणि त्यांच्या पुढच्या पाळीच्या तारखा जुळवून, आणि त्याच दशकात ऑस्ट्रियाचे डॉक्टर क्नाऊस स्वतंत्रपणे तिथेच पोचले. आपल्याकडे तेव्हा र. धों. कर्वे मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि या विषयावर मराठीत उघड बोलतात म्हणून लोकांचे शिव्याशाप खात होते. शंभर वर्षं झाली, आणि अजून आपल्या मुली हे गुगलवर रात्री एकट्याने शोधतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुझे आकडे घेऊ. ४३ वाला महिना खोडून टाक. त्या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, गोळ्या चालू असेपर्यंत पाळी अडते, बंद केल्या की दोन-तीन दिवसांनी येते, त्यामुळे तो आकडा तुझ्या शरीराचा नाहीच, तो गोळ्यांचा आहे. आणि चान्स घेत असताना त्या गोळ्या घेऊ नकोस, कारण तेव्हा दिवस राहिलेत का हे तुलाच माहीत नसतं. गौरी पुढच्या वर्षी पण येणार आहेत, पाळीत बसली तर नैवेद्य दुसरं कुणी दाखवेल. राहिले ३२, ३४, ३१, ३३, ३५, ३६. प्रत्येकातून १४ वजा कर. १८, २०, १७, १९, २१, २२. म्हणजे तुझं बीज साधारण सतराव्या ते बाविसाव्या दिवसाच्या मधे बाहेर पडत असणार. आणि ही पाळी इरेग्युलर नाही गं! २४ ते ३८ दिवसांच्या आत येणारी पाळी डॉक्टर नॉर्मल धरतात, चार-पाच दिवस इकडेतिकडे होणं पण नॉर्मल. तू आठ महिने स्वतःला इरेग्युलर म्हणत बसलीस ते त्या एका ४३ मुळे.

आता रिपोर्ट. तुझा मागचा महिना ३६ दिवसांचा होता म्हणजे ओव्ह्युलेशन बाविसाव्या दिवसाच्या आसपास, आणि रक्त दिलंस एकविसाव्या दिवशी. बीज बाहेर पडायच्या आधी प्रोजेस्टेरॉन १ च्या आत असतंच, ०.८ हा अगदी अपेक्षित आकडा आहे. ही टेस्ट पाळीच्या ७ दिवस आधी करायची असते. २८ वालीला तो एकविसावा दिवस येतो म्हणून पॅकेजवाल्यांनी एकवीस छापून टाकलं, तुझ्यासाठी त्या महिन्यात तो एकोणतिसावा होता. त्या दिवशी ३ च्या वर आलं असतं तर बीज बाहेर पडलं असं म्हणता आलं असतं. याचा अर्थ तुझं ओव्ह्युलेशन होतंच असं मी छातीठोक सांगतेय असं नाही, ते दिवस बघून परत टेस्ट केल्यावर कळेल, पण होत नाही असं म्हणायला त्या कागदात काहीही नाही. ३१ ते ३६ च्या मधे दर वेळी पाळी येतेय यावरून तर होत असण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि हे आज रात्री नवऱ्याला फोनवर सांग, शुक्रवारपर्यंत थांबू नकोस.

मग जवळ यायचं कधी? बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू चांगल्या चिकट स्रावात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहतात, त्यामुळे बीजाच्या आधीच ते तिथे पोचून वाट बघत असले तर उत्तम. १९९५ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा एक अभ्यास छापून आला, २२१ बायकांनी रोजची लघवी साठवून दिली होती, त्यात जेवढ्या जणींना दिवस राहिले त्या सगळ्यांचे संबंध ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याच्या आधीचे ५ दिवस या सहा दिवसांतच झालेले निघाले. ओव्ह्युलेशन उलटून गेल्यावरच्या दिवसांत एकही नाही. त्याच संशोधकांनी २००० साली आणखी एक दाखवून दिलं की हे सहा दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत पूर्णपणे बसतात अशा बायका जेमतेम ३० टक्के. म्हणजे अॅपच्या चौदाव्या दिवसात न बसणाऱ्या बायकाच जास्त आहेत, तू काही जगावेगळी नाहीस. तुझ्या सहा महिन्यांत चौदावा दिवस तीनदा या सहा दिवसांच्या खिडकीच्या साफ बाहेर होता, आणि उरलेल्या तीनदा अगदी सुरुवातीला, जेव्हा शक्यता कमी असते. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ओव्ह्युलेशनच्या आधीचे दोन आणि तो दिवस.

सगळ्यात लवकर १७ धरला तर त्याच्या ५ दिवस आधी १२, आणि सगळ्यात उशीर २२. म्हणजे बारावा ते बाविसावा. समज पाळी ३ तारखेला सोमवारी आली, नुसते डाग नाही, नीट अंगावरून जायला लागलं तो पहिला दिवस धरायचा. बारावा दिवस येतो १४ तारीख शुक्रवार आणि बाविसावा २४ तारीख सोमवार. बघ, दोन शनिवार-रविवार मिळाले. बीज मंगळवारी पडलं तरी रविवार रात्रीचे शुक्राणू तिथे असू शकतात. म्हणून बुधवारची शिवनेरी दर महिन्याला पकडायची गरज नाही, तो आला की एक दिवसाआड जवळ या, सोमवारी पहाटे निघायच्या आधी हवं तर, आणि मधल्या वारात ओव्ह्युलेशन किट (त्याबद्दल पुढे सांगते) पॉझिटिव्ह आलं तरच एका रात्रीपुरतं त्याला बोलाव. त्यालाही सांग की एकाच रात्रीवर सगळं अवलंबून नाहीये. ऐन वेळी भांडण होतं ना, ते त्या एका रात्रीच्या ओझ्याने होतं, त्याच्या तुझ्यावरच्या प्रेमात काही कमी नाही. ओपीडीत कितीतरी नवरे खाली मान घालून हेच सांगायचे की सिस्टर, तारीख ठरवून नाही जमत.

किटबद्दल. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट माग, प्रेग्नन्सी किट वेगळं असतं, दोन्ही सारखी दिसतात म्हणून बघून घे. चौदाव्या दिवसापासून रोज एकदा, दुपार ते संध्याकाळच्या मधे, रोज एकाच वेळी, आणि त्याआधी दोन तास पाणी जरा कमी पी म्हणजे लघवी पातळ होणार नाही. इथे बऱ्याच जणी चुकतात, प्रेग्नन्सी किटमध्ये फिकट रेघ आली तरी पॉझिटिव्ह म्हणतात, यात तसं नाही, यात टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेएवढी किंवा तिच्याहून गडद आली तरच धरायची. गडद आली की तो दिवस आणि पुढचे दोन दिवस तुमचे. ज्यांना पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने पाळी लांबणारा ओव्हरीचा त्रास, आहे त्यांच्यात एलएच उगाचच वर राहतं त्यामुळे किट फसवू शकतं, तुझ्या पाळीवरून तसं वाटत नाही पण कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा.

आणि किटपेक्षाही जुनी खूण तुझ्याच अंगात आहे. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं असतं, मग थोडं चिकट पांढरट, आणि ओव्ह्युलेशन जवळ आलं की एकदम पारदर्शक, निसरडं, दोन बोटांत धरलं तर न तुटता ताणलं जाणारं. पुस्तकात अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं लिहिलेलं असतं, ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांना मी सांगायचे की भेंडी चिरताना बोटांना जी तार येते ना, तसं. ते दिसायला लागलं की थांबायचं नाही, तेच ते दिवस. ओव्ह्युलेशन झालं की एक-दोन दिवसांत परत घट्ट होतं. आपल्याकडे पांढरं जायला लागलं की बायका घाबरतात, अशक्तपणा आला, हाडं झिजली म्हणतात, मला आईनेही हेच सांगितलं होतं. हाडांचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे शरीराचं चांगलं लक्षण आहे. खाज असेल, दह्यासारख्या गुठळ्या असतील, घाण वास किंवा हिरवट पिवळा रंग असेल तर मात्र इन्फेक्शन, डॉक्टरकडे जायचं.

सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच ताप मोजायची पद्धत पण आहे. ओव्ह्युलेशननंतर शरीर ०.२ ते ०.५ सेल्सिअसने गरम होतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. पण ते झाल्यावर कळतं, आणि त्याला रात्रीची सलग झोप लागते, ती तुला सध्या नाहीये, म्हणून आत्ता त्याच्या मागे लागू नकोस.

सासूबाईंचं. चौथ्या दिवसापासून म्हणजे तुझ्या बाबतीत बीज यायला अजून दोन आठवडे बाकी असताना, त्याने काही बिघडणार नाही पण उपयोगही नाही. आणि सम दिवशी मुलगा विषम दिवशी मुलगी याला काहीही आधार नाही, त्या १९९५ च्या अभ्यासात कुठल्या दिवशी संबंध आला आणि मुलगा झाला की मुलगी हेही तपासलं होतं, काही संबंध सापडला नाही. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या एक्स-वायवर ठरतं. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला गेलीस तर भिंतीवर गर्भलिंग निदान होत नाही, तो गुन्हा आहे अशी पाटी दिसेल, तो कायदा १९९४ चा. ही पाटी लावायची वेळ आपल्यावर का आली ते मी लेबर रूममध्ये उभी राहून बघितलंय, तिसरी मुलगी झाली म्हणून पेढे न आणता परत गेलेली माणसं बघितलीत. तू सासूबाईंशी वाद घालू नकोस पण सम-विषम मोजूही नकोस. "आई, डॉक्टरांनी दिवस सांगितलेत" एवढं म्हण.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर पस्तिशीच्या आतल्यांनी नीट दिवस धरून वर्षभर प्रयत्न करायचा असं म्हणतात, पस्तिशीनंतर सहा महिने. तुझे आठ महिने झाले पण त्यातले बरेचसे चुकलेल्या दिवसांत गेलेत, आणि सगळं बरोबर असलं तरी तरुण जोडप्यात एका महिन्यात दिवस राहायची शक्यता चार-पाचात एक इतकीच असते, वर्षभरात मात्र दहातल्या आठांपेक्षा जास्त जणींना राहतात. तरी मी म्हणेन तू आत्ताच एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाला भेट, घाबरून नाही, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन बघून घ्यायला आणि फॉलिक अॅसिड किती घ्यायचं ते विचारायला, ते दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायचं असतं. तुला पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल जवळ पडेल, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथली ओपीडी आहे, नाहीतर तुमचे नेहमीचे कुणी. हवं असेल तर डॉक्टर फॉलिक्युलर स्टडी लावतील, म्हणजे एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी करून फॉलिकल १८-२० मिलीमीटरच्या पुढे गेलं का आणि मग फुटलं का ते प्रत्यक्ष बघतात. ते नवव्या-दहाव्या दिवसापासून सुरू करतात, तुझ्या पाळीचे आकडे दाखव म्हणजे ते उशिरा सुरू करतील आणि तुझ्या फेऱ्या वाचतील.

आणि नवऱ्याची टेस्ट. हे मी दर वेळी लिहिते आणि लिहीत राहणार. बायको दहा सुया टोचून घेते, दोन वर्षं औषधं खाते, आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी शेवटी होते, हे उलटं आहे. दोन ते पाच दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, बास. दिवस न राहण्यात पुरुषाचा वाटा बऱ्याच जोडप्यांत असतो. तुमच्या खिडकीच्या दिवसांत टेस्ट ठेवू नका, पाळी चालू असतानाचा एखादा शनिवार बघा.

जाता जाता, हेच गणित उलटं वापरून सेफ पिरियड किती असं विचारणारी पत्रंही येतात. ज्यांना मूल नको आहे त्यांनी यावर विसंबू नये, एवढंच सांगते, कारण तुझ्याच पाळीत बघ, एका महिन्यात १७ आणि दुसऱ्यात २२.

तर पुढची पाळी आली की पहिला दिवस लिही, अॅपमधली २८ ची सेटिंग बदलून ३४ कर, चौदाव्या दिवसापासून किट, आणि किटची रेघ गडद झाली त्या दिवसापासून आठव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन परत कर, मग तो कितवा दिवस का असेना. रक्त घ्यायला येणारा मुलगा एकविसाव्या दिवसाचं बोलला तर त्याला सांग माझी पाळी ३४ दिवसांची आहे. आकडा आला की मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी ताई